पुलावर समोरासमोर

पीठ हातात आलं की सुगंधाबाई ते आधी चिमटीत चोळतात, मग नाकाशी नेतात. जिभेला लावत नाहीत. चहा बशीत ओतून पितात, पण बशी खाली ठेवत नाहीत. ती हातात धरूनच सगळं बोलणं उरकतात. फोन आला की उभ्या राहतात. देवाला हात जोडताना एक डोळा उघडा असतो, गिरणीच्या पट्ट्यावर. ज्याच्यावर राग असेल त्याचं दळण सगळ्यांत आधी काढून देतात, म्हणजे तो लवकर डोळ्यांपुढून जातो. बस पकडायची असली तर कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसतात आणि बस लागली की सगळ्यांच्या मागून चढतात. आणि टीव्हीवर शेखर राय दिसला की पडद्याकडे पाठ करतात. आवाज मात्र कान देऊन ऐकतात.

या शेवटच्या सवयीमागे एक सिनेमा आहे आणि एक भाऊ आहे.

सुगंधाबाई मूळच्या असोद्याच्या. केळीकपाशीचं घर. पाठीवर कोणी नाही, वर एक भाऊ, चुडामण. त्या परकर-पोलक्यात होत्या तेव्हाची गोष्ट. केळीचे घड रेल्वेच्या वॅगनीत चढवायला वडिलांची बैलगाडी जळगाव स्टेशनवर गेली होती. गाडीत ही दोघं पोरं. घड उतरले, गाडी रिकामी झाली, आणि वडिलांना व्यापाऱ्याकडे काम निघालं. पोरं उन्हात कशाला तापवायची, म्हणून त्यांनी दोघांना टॉकीजमध्ये बसवून दिलं.

सिनेमात दोन नट होते. इंद्रसेन आणि शेखर राय. हिंदीतले दोघेही मोठे, तोवर एकाच पडद्यावर कधी न आलेले. इंद्रसेन बोलला की टॉकीजची मागची भिंत हलायची. शेखर रायचं उलट. तो बोलायच्या आधी थांबायचा. त्या थांबण्यात पुढच्या स्वस्त बाकांवरचा अख्खा पिट पुढे झुकायचा.

गोष्ट घाटातल्या दोन ट्रकमालकांची. लहानपणचे दोस्त, आता एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत. एक दिवस अरुंद पुलावर दोघांचे ट्रक समोरासमोर येतात. मागे कोण घेणार? दोघं खाली उतरतात. इंद्रसेन गरजतो, "पुल मेरे बाप का नहीं, तो तेरे बाप का भी नहीं!" शेखर राय विडी काढतो. काडी ओढतो. विडी पेटते. मग म्हणतो, "मैंने गाड़ी में रिवर्स गियर डलवाया ही नहीं."

टॉकीजची दोन गावं झाली. अर्धे लोक इंद्रसेनच्या नावाने ओरडत होते, अर्धे शेखर रायच्या. बाहेर येईपर्यंत बहीण इंद्रसेनची झाली होती आणि भाऊ शेखर रायचा.

दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत पूल उभा राहिला. दोन सऱ्यांच्या मधला बांध. एकीकडून ती, एकीकडून तो. तिथेच कायदा ठरला. ज्याचा हिरो, त्याचे डायलॉग. दुसऱ्याच्या हिरोचं वाक्य तोंडातून काढायचं नाही. चुकून काढलं तर त्या दिवशी खेळ बंद.

सुगंधाला इंद्रसेन शोभायचाही. आवाजच तसा होता. घोगरा, भरदार. बाया म्हणत, पोरीच्या गळ्यात गडी बसलाय. पाहुणे बघायला यायचे तेव्हा आई बजावायची, "हळू बोल, नही तं बोलूच नको." धुळ्याहून जीवराम आले तेव्हा ती अशीच गप्प बसली होती. एवढ्यात दारात गाय शिरली आणि सुगंधा ओरडली. गाय गेली. पाहुणे चरकले. जीवराम म्हणाले, "आमची पिठाची गिरणी आहे. तिथे असाच आवाज लागतो."

लग्न झालं. धुळ्याला देवपुरात गिरणी, मागे दोन खोल्या. धुळ्याची अहिराणी असोद्याच्या बोलीहून वेगळी. 'काय शे' म्हणायला जीभ वळेपर्यंत बराच काळ गेला. पण वळली. गिरणीवर बायांशी अहिराणी, माहेरच्या माणसांशी असोद्याची बोली, आणि बँकेत वर्तमानपत्रातली मराठी. तिन्ही खणखणीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. सुगंधाबाईही जायच्या. झोका, पुरणपोळी, रस, आणि जेवणाआधी अंगणात पूल. भावाची बायको होती तोवर ती हसत म्हणायची, ट्रक बाजूला घ्या, ताटं ठेवायची आहेत. ती गेली. पोरं मोठी झाली. आखाजीचा पूल राहिला. इंद्रसेन आणि शेखर राय दोघेही म्हातारे होऊन पडद्यावरून उतरले. असोद्याच्या अंगणात ते दरवर्षी तितकेच तरुण उभे राहायचे.

धुळ्यात सुगंधाबाईंच्या वरच्या खोलीत मोनाली भाड्याने राहायला आली. मराठी घेऊन एम.ए. झालेली, एका शाळेत तात्पुरती शिकवणारी. एकदा दळण घ्यायला ती खाली उतरली तर गिरणी बंद आणि आत दोन माणसं भांडत होती. एक गरजणारा, एक थंड. तिने घाबरून दार लोटलं. आत सुगंधाबाई एकट्याच होत्या. केर काढत होत्या.

"अक्का, भांडत कोण होतं?"

"कोणी नही. एक जुना सिनेमा."

"पण तुम्ही तर दोघांचं बोलत होतात."

सुगंधाबाई एकदम ओशाळल्या. "त्याचं बोलू नये मी. पण केर काढताना चालतं."

मोनालीने फोन काढला. त्या सिनेमाचे तुकडे फोनवर होतेच. त्यांचा आवाज बंद करायचा आणि अक्कांनी आपल्या बोलीत बोलायचं, अशी तिची कल्पना. इंद्रसेन धुळ्याची अहिराणी बोलेल. शेखर राय असोद्याची बोली. अक्का आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, एकदा. शेखर रायचं वाक्य आलं की त्या भिंतीकडे तोंड करून बोलायच्या.

महिन्याभरात धुळ्या-जळगावातली पोरं ते तुकडे एकमेकांना पाठवू लागली. लग्नात, पानटपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर. धुळ्याकडचे म्हणत आमचा इंद्रसेन भारी, जळगावकडचे म्हणत आमचा शेखर. दोन्ही आवाज एकाच बाईचे आहेत हे कोणाला खरं वाटेना.

असोद्यात चुडामणभाऊंना मात्र पहिल्याच वाक्याला कळलं. त्यांचा फोन आला. सुगंधाबाई उभ्या राहिल्या.

"सुगंधी, माह्या हिरोले तू आवाज देला?"

"मंग कोण देईन? तू तं तिकडी केयीच्या बागेत."

"आपलं काय ठरलं होतं?"

"पोरगी मांगे लागली रे भाऊ."

"शेखर राय! अन् बाईच्या आवाजात! तेबी धुय्याच्या बाईच्या!"

"धुय्याची कोणं केली? तुमीच ना देली मले धुय्याले?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग भाऊ गंभीर झाले. "हे पाय. बाकीचे सीन घे तू. पुलाचा नही. पुलाचा मी येईन तव्हा. दसऱ्याले येतो."

"ये."

"शब्द?"

"शब्द."

दसऱ्याला ते आले नाहीत. त्याच्या आदल्या आठवड्यात कपाशी वेचायला बाया लावल्या होत्या. चुडामणभाऊ बांधावर टेकले आणि तिथून त्यांना उठता येईना. उजवी बाजू गेली होती. जळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पायात थोडं बळ परतलं होतं. काठी धरून उंबऱ्यापर्यंत यायचे. पण तोंडात एकच शब्द उरला होता. 'तेच ते.'

पाणी हवं असलं की, तेच ते. ऊन लागतंय, तेच ते. मुलगा ललित कपाशीचा भाव सांगायला बसला की, तेच ते, तेच ते. सुरुवातीला घरचे अंदाज बांधायचे. मग शेजारचे यायचे आणि भाऊंच्या देखत ललितला विचारायचे, "कसं आहे आता त्यांचं?" भाऊ समोरच बसलेले असायचे.

सुगंधाबाई पिशवी घेऊन असोद्याला आल्या त्या राहिल्याच. गिरणी जीवरामांवर सोडली.

बोलण्याचे उपचार करणारी एक मुलगी जळगावात होती. विधी मॅडम. गावातल्याच एका मारवाडी कापडव्यापाऱ्याची लेक, मुंबईला शिकून परतलेली. ललित आणि सुगंधाबाई भाऊंना रिक्षातून तिच्याकडे न्यायचे. ती भाऊंकडे बघून बोलायची, ललितकडे बघून नाही. त्यामुळे सुगंधाबाईंना ती पहिल्याच दिवशी आवडली.

"यांना सगळं कळतं," विधी म्हणाली. "शब्दही आत आहेत. बाहेर यायचा रस्ता तुटलाय. पाठ असलेलं कधी कधी दुसऱ्या रस्त्याने येतं. आरती म्हणून बघा. पाढे. जुनी गाणी. आणि एक करा. त्यांनी काही बोलायला सुरुवात केली तर त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. कितीही वेळ लागू दे."

त्या संध्याकाळी घरात आरती झाली. भाऊंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत 'तेच ते'वर म्हटली. चाल एकदम बरोबर होती. ललितची बायको कामिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. हसायला की रडायला, ते तिचं तिलाच ठाऊक.

पाढे झाले नाहीत. गाणी झाली नाहीत. सुगंधाबाईंनी मग माया सुरू केली. आयुष्यात कधी भावाशी गोड बोलल्या नव्हत्या. आता खाटेशी बसायच्या, वरणात पोळी कुस्करायच्या आणि म्हणायच्या, "घे रे माह्या राजा. एक घास. माह्यासाठी."

भाऊ त्यांच्याकडे संशयाने बघायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

कामिनी एकदा म्हणालीच. "आत्या, रागावू नका. पण तुम्ही असं बोलायला लागल्यापासून आबांना वाटतंय, आपलं काही खरं नाही."

त्यातच ललितचा प्रश्न आला. केळीचे घड कापून झाले होते. आता त्याच खोडाचा फुटवा राखून दुसरं पीक घ्यायचं की बाग काढून नवी लावायची? असा निर्णय या घरात आजवर एकाच माणसाने घेतला होता. ललित खाटेपाशी बसला. "आबा, खोडवा ठेवू का काढू?"

भाऊंनी तोंड उघडलं. "तेच ते." डावा हात वर गेला, खाली आला. बोटांनी काहीतरी मोजलं. ललितने विचारलं, "ठेवू?" भाऊंनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळेना. "मग काढू?" पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ललितने विचारलं तेव्हा भाऊंनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. ललित उठून बागेत गेला. एवढ्या मोठ्या बागेत त्याला विचारायला माणूस नव्हता.

सुगंधाबाईंनी हे चुलीपाशी उभं राहून पाहिलं. भावाला काय हवंय ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्याला माया नको होती. त्याला आपलं म्हणणं मांडायचं होतं.

रविवारी मोनाली धुळ्याहून बसने आली. सोबत जीवरामांचा निरोप, दळण साचल्याचा. "बठ्ठं दयन पडेल शे. कव्हय येशी?" सुगंधाबाईंनी निरोप ऐकला आणि बशीतला चहा संपवला.

"अक्का, लोक पुलाचा सीन मागतायत," मोनाली चाचरत म्हणाली. "मी त्यांना सांगते, होणार नाही."

सुगंधाबाईंनी ओसरीकडे बघितलं. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगणातल्या कोंबडीकडे बघत होते. शब्द दिला होता त्या माणसाला. पण त्या माणसाकडे आता शब्दच नव्हता. सुगंधाबाई थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "करून टाकू. त्यालेबी पाह्यला होईल."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून खाटेच्या कडेला ठेवला. पडद्यावर पूल आला. दोन ट्रक. दोन मोठे नट खाली उतरले. सुगंधाबाईंनी गळा साफ केला आणि इंद्रसेन गरजला.

"पूल मना बापना नही, ते तुना बापना बी नही!"

अंगणातली कोंबडी पळाली.

शेखर रायने विडी काढली. काडी ओढली. एवढ्या वर्षांच्या सवयीने सुगंधाबाई थांबल्या आणि भावाकडे बघितलं. भाऊ पडद्याकडे बघत होते. ओठ बंद. विडी पेटली. शेखर रायचे ओठ हलले. आणि सुगंधाबाई, ज्या आजवर केर काढताना किंवा भिंतीकडे तोंड करूनच हे वाक्य बोलल्या होत्या, भावाच्या तोंडावर बोलून गेल्या.

"माह्या गाडीले रिव्हर्स गेरच नही, भो."

खाटेवर डावा हात आपटला. तांब्या पडला. फोन पाण्यात.

"तेच ते!" भाऊ ओरडले. "तेच ते! तेच..." चेहरा लाल झाला. मानेची शीर फुगली. बोट बहिणीवर रोखलेलं. "रि..." ते म्हणाले. "रि..."

सुगंधाबाईंचं तोंड पुढचं बोलायला उघडलं. कामिनीने मागून त्यांचा दंड धरला. सुगंधाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"रि... व्हर्स..." भाऊ खाटेची कड धरून पुढे झुकले. ओसरीवर कोणी हलेना. "गेर. गेरच... नही!"

श्वास घेतला. मग जरा शांतपणे, शेखर राय म्हणाला असता तसं, त्यांनी शेवटचं जोडलं.

"भो."

मोनाली ओल्या फोनसकट तशीच उभी होती. ललित बागेकडून धावत आला होता आणि उंबऱ्यात थबकला होता. कामिनी रडत होती. सगळ्यांना वाटलं, आता सुगंधाबाई भावाच्या गळ्यात पडणार. त्यांनी तोंडातला पदर काढला, कमरेवर हात ठेवले आणि इंद्रसेनच्या आवाजात दरडावलं.

"मांगे ले गाडी!"

भाऊंचे डोळे चमकले.

त्या दिवसापासून घराची तऱ्हा बदलली. भावाला जेवायला घालायचं तर सुगंधाबाई इंद्रसेन व्हायच्या. अंघोळीला उठवायचं तर इंद्रसेन. पूर्ण सिनेमातले शेखर रायचे डायलॉग भाऊंच्या तोंडून एकेक करून निघू लागले. आधी अडखळत, मग सलग. कडू गोळी पुढे केली की ते म्हणायचे, "रिव्हर्स गेरच नही." कामिनीने लाजत लाजत इंद्रसेन करून पाहिला. भाऊंनी तिच्याकडे दयेने बघितलं आणि गोळी घेतली. शेजारचे तोताराम कंडक्टर, एसटीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी मुद्दाम येऊन "मांगे ले गाडी" म्हणून जायचे. आता लोक ललितला विचारत नव्हते. थेट भाऊंना छेडत होते.

विधी मॅडमच्या समोर बहीणभावाने पूल करून दाखवला. ती टाळ्या वाजवून हसली. भाऊंना ललितने बाहेर नेलं तेव्हा मात्र तिने सुगंधाबाईंना थांबवून घेतलं.

"फार छान झालंय. पण एक सांगू? ही वाक्यं उसनी आहेत. तुम्ही बोललात की त्यांचं उत्तर ठरलेलं. त्यांचं स्वतःचं वाक्य अजून आलेलं नाही."

"येईल?"

"येईल असं मला वाटतं. खात्री देत नाही."

"मग काय करू?"

"भांडत राहा," विधी म्हणाली.

सुगंधाबाई रिक्षात भावाशेजारी बसल्या. रस्ताभर दोन्ही बाजूंना केळीच होती. ललितने अजून खोडवा काढलाही नव्हता आणि राखलाही नव्हता. त्याने रिक्षात पुन्हा एकदा विचारून बघितलं. भाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "पुल के उस पार मिलेंगे." तो सिनेमातला डायलॉग होता. ललित हसला. पण हसू फार टिकलं नाही. सुगंधाबाईंनी ते बघितलं. उसन्या वाक्यात बागेची गोष्ट बसत नव्हती.

थंडी कमी व्हायला लागली तेव्हा मोनाली पुन्हा आली. या वेळी नवा फोन, आणि आवाज घ्यायचा छोटा माइक. ठरल्याप्रमाणे पुलाचा सीन. ठरल्याप्रमाणे दोघांनी. सुगंधाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. भाऊंना कामिनीने टोपी घातली. खाट ओसरीच्या मधोमध आली. तांब्या लांब ठेवला.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. शेखर रायच्या थांबण्यात भाऊ इतके थांबले की मोनालीला वाटलं, विसरले. नव्हते विसरले. विडी पेटली आणि वाक्य आलं. थंड, मोजकं, असोद्याचं.

राहिला शेवट. सिनेमात पुलावर दोघांचं हे असं चाललेलं असतानाच इंद्रसेनच्या ट्रकमागे एक बस येऊन अडकते. बसमध्ये आजारी लेकरू असतं. शेखर राय ते बघतो. त्याच्या गाडीला तर रिव्हर्स गिअर नाही. मग तो खांदा लावतो आणि स्वतःचा ट्रक हाताने मागे ढकलू लागतो. एक एक पाऊल. पूल मोकळा होतो. बस जाते. मग दोघं एकमेकांपुढे येऊन बोलतात. तेवढं बोलणं भरायचं बाकी होतं.

मोनालीने माइक नीट लावता लावता विचारलं, "अक्का, पहिल्यांदा बघितलात तेव्हा कसं वाटलं होतं हो इथे?"

सुगंधाबाईंनी भावाकडे बघितलं नाही. लुगड्याचा काठ सारखा केला.

"मले काय वाटायचं? माहा हिरो जिकला होता. मी टाया वाजवल्या. हा मात्र," त्यांनी अंगठ्याने खाटेकडे दाखवलं, "हा रडला. शेखर रायने ट्रक मागे ढकलला ना, तसा हा हमसून हमसून रडला. भर टॉकीजमध्ये. लोक बघायले लागले. मीच त्याले गप्प केलं."

कोण रडलं होतं ते सुगंधाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

खाट करकरली.

"खो..." भाऊ म्हणाले.

मोनालीने मान वर केली. असा डायलॉग सिनेमात नव्हता.

"खोटं," भाऊ म्हणाले. "रड... रडली. तू. तू रडली."

"मी काहाले रडीन? माहा हिरो जिकला होता!"

"जिकला... तरी." शब्द एकेक करून येत होते, जसे खूप दिवस बंद असलेल्या घरातून एकेक वस्तू बाहेर काढावी. काही भलतेच हाती लागत, ते टाकून भाऊ पुन्हा आत हात घालत. "जिकला तरी तू रडली. मी... मी ते... ते कापड... रुमाल! रुमाल देल्ता."

"कोणता रुमाल? काही रुमाल नव्हता."

"निया." भाऊंनी बाहेरच्या निळ्या आभाळाकडे बोट केलं. "निया रुमाल. बाबाचा. तूनं... नाक पुसलं."

"ऐकलं का कामिनी? नाक पुसलं म्हणे! म्हाताऱ्याले भलतंच आठवते."

"म्हातारी... तू!"

ललित आतून आला होता. भिंतीला टेकून खाली बसला. त्याने काही विचारलं नाही. विचारायला आता घाई नव्हती. कामिनीने चहा टाकला होता तो उतू जात होता. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सुगंधाबाईंनी माइकची वायर पदरासकट बाजूला फेकली आणि खाटेच्या कडेवर ठाण मांडलं. गाडीत बैल कोणता होता यावर वाद सुरू झाला. भाऊ म्हणाले, "तांबडा." सुगंधाबाईंनी मुद्दाम पांढरा म्हटला. भाऊंनी कपाळावर हात मारला, डावा, आणि शोधत शोधत, चिडत, थांबत, एक संपूर्ण वाक्य बाहेर काढलं. "पांढरा तं तव्हा आपल्या घरी नव्हताच!" सुगंधाबाई नाक ओढून म्हणाल्या, "असंन."

आणि पुन्हा भांडायला लागल्या.

मोनालीचा फोन चालूच होता. पडद्यावर बस निघून गेली होती. पूल मोकळा झाला होता. इंद्रसेन आणि शेखर राय समोरासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. दोघांचे ओठ हलत होते. आवाज कोणाचाच नव्हता. तो भरायचा अजून राहिलाच आहे.